सायंकाळी सातचे वॉटर्लू

‘डायोरामा’ या शब्दाचा जन्म रणांगणापासून फार दूर झाला. १८२२ साली पॅरिसमध्ये लुई दागेर आणि शार्ल बूताँ या दोघा चित्रकारांनी एक प्रेक्षागृह उघडले. त्यात अर्धपारदर्शक कापडावर रंगविलेली प्रचंड चित्रे टांगलेली असत आणि त्यांच्यावर पुढून-मागून पडणारा उजेड कमीजास्त करून प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत दिवसाची रात्र केली जात असे. ‘आरपार’ आणि ‘दृश्य’ अशा अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून बनलेले हे नाव त्या कापडाला शोभून दिसत होते. पुढे ती चित्रे मागे पडली, नाव तेवढे उरले, आणि मागे रंगविलेला पडदा, पुढे मातीची किंवा प्लास्टरची जमीन व तिच्यावर मांडलेल्या लहान आकृती अशा घन देखाव्याला ते चिकटले. या स्थित्यंतरात एक गोष्ट उलटीपालटी झाली आणि ती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही: दागेरचा डायोरामा काळ सरकताना दाखवीत असे, तर आजचा डायोरामा काळाला एका जागी खिळवून ठेवतो.

लढाईचा डायोरामा पैसे घेऊन दुसऱ्यासाठी करून द्यायचा असतो, तेव्हा हे खिळवणे हाच व्यवहाराचा खरा विषय असतो. काम सांगणारा, मग तो संग्राहक असो, एखादी पलटण असो वा सरकार असो, बहुधा लढाईचे नाव सांगतो. परंतु लढाई कित्येक तास चालते, हजारो माणसे तिच्यात जागा बदलत असतात, आणि कारागिराला त्यातला एकच क्षण मांडता येतो. कोणता क्षण, हे ठरले की त्या क्षणी कोण पुढे होते, कोण मागे हटत होते आणि कोण अजून पोचलेच नव्हते, हेही त्याबरोबरच ठरून जाते. लेखी इतिहासाला ‘त्यानंतर’, ‘तत्पूर्वी’, ‘दरम्यान’ असे शब्द हाताशी असतात. डायोरामाच्या व्याकरणात फक्त वर्तमानकाळ आहे. ही अडचण किती महागात पडू शकते, हे विल्यम सायबॉर्न या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने वॉटर्लूच्या लढाईच्या प्रतिकृतीवर जे परिश्रम घेतले, त्यांच्या हकिगतीतून जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसेल.

राज्यकर्त्यांनी लष्करी प्रतिकृती करवून घेण्याची प्रथा सायबॉर्नच्या आधीपासून रूढ होती. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्यासाठी त्याचा युद्धमंत्री लूव्ह्वा याने १६६८ पासून सरहद्दीवरील तटबंद शहरांच्या उठावाच्या प्रतिकृती करवून घेण्यास आरंभ केला. तेथील मोजमापाप्रमाणे शंभर ‘त्वाझ’ अंतर एका फुटात बसवायचे आणि एका त्वाझमध्ये सहा फूट, म्हणून या प्रतिकृतींचे प्रमाण, म्हणजे मूळ वस्तू आणि प्रतिकृती यांच्या लांबीचे गुणोत्तर, १:६०० इतके ठरले. घरे, गल्ल्या, खंदक, बुरूज आणि भोवतालची शेते लाकूड, कागद व रेशीम वापरून इतक्या नेमकेपणाने केलेली असत, की वेढा कोठून घालता येईल याचा विचार पॅरिसमध्ये बसून करता येई, आणि म्हणूनच या प्रतिकृती पाहण्याची मुभा मोजक्यांनाच असे. नेपोलियनच्या पराभवानंतर १८१५ साली प्रशियन सैन्य पॅरिसमध्ये शिरले, तेव्हा त्याने यांपैकी काही प्रतिकृती उचलून बर्लिनला नेल्या. लील शहराची प्रतिकृती फ्रान्सला परत मिळण्यास १९४८ साल उजाडले. या प्रतिकृतींत शहर आहे आणि तट आहे, माणसे मात्र नाहीत, त्यामुळे त्यांना क्षणाची अडचण कधी पडली नाही. या पहिल्या ओळखीतला प्रशियनांचा अपहार वाचकाने लक्षात ठेवावा, कारण पुढील हकिगतीत खुद्द प्रशियनच उचलले गेले आहेत.

सायबॉर्नचा जन्म १७९७ चा. १८ जून १८१५ रोजी ब्रसेल्सच्या दक्षिणेला वॉटर्लूची लढाई झाली, तेव्हा तो सैन्यात होता, पण त्या रणभूमीवर नव्हता. लढाई संपल्यावर पॅरिसकडे गेलेल्या सैन्यात तो सामील झाला. त्याचे खरे कौशल्य भूमापनात होते. डोंगरउतार कागदावर कसे दाखवावेत, या प्रश्नावर योहान गेओर्ग लेमान या सॅक्सन अधिकाऱ्याने बारीक रेघांची एक पद्धत बसविली होती: उतार जितका तीव्र तितक्या रेघा जाड व दाट. या पद्धतीचा पुरस्कार करणारे पुस्तक सायबॉर्नने १८२२ मध्ये प्रसिद्ध केले, आणि १८२७ च्या दुसऱ्या ग्रंथात भूप्रदेशाची घन प्रतिकृती कशी करावी याविषयीच्या सूचनाही जोडल्या. साहजिकच, लंडनमध्ये सैन्यदलांसाठी होऊ घातलेल्या संग्रहालयात वॉटर्लूची प्रतिकृती असावी असे १८३० मध्ये सरसेनापती लॉर्ड हिल यांच्या मनात आले, तेव्हा ते काम आयर्लंडमधील लष्करी कचेरीत सहायक सचिव असलेल्या या लेफ्टनंटकडे आले.

काम हाती येताच सायबॉर्न बेल्जियममध्ये गेला आणि ला हे सँत या शेतघरात आठ महिने मुक्काम ठोकून त्याने भूमापन केले. हे शेतघर निवासासाठी सहज सापडलेली जागा नव्हती. लढाईच्या दिवशी इंग्रज आघाडीच्या ऐन मध्यावर, ब्रसेल्सच्या रस्त्याला लागून ते उभे होते आणि दिवसभराच्या झुंजीनंतर संध्याकाळी फ्रेंचांच्या हाती पडले होते. तेथून सायबॉर्नला जमिनीचा प्रत्येक चढउतार पायाखाली घालता आला. मात्र जमीनच बदलली होती. लढाईत नेदरलँड्सचा युवराज जखमी झाला, त्या जागी त्याच्या पित्याने १८२० ते १८२६ या काळात चाळीस मीटरांहून उंच अशी मातीची टेकडी रचून तिच्यावर लोखंडी सिंह बसविला होता, आणि तिच्यासाठी लागलेली माती आसपासच्या शेतांतून, इंग्रज सेनापती वेलिंग्टन याच्या फौजेने ज्या लांबट उंचवट्याचा, म्हणजे कण्याचा, आडोसा घेतला त्याच कण्यावरून, खरवडून नेली होती. स्मारक उभारण्याच्या भरात स्मरणीय जागाच सपाट करण्याचा हा प्रकार आपल्याकडील वाचकालाही अपरिचित वाटू नये. सायबॉर्नला त्यामुळे डोळ्यांपुढची जमीन मोजावी लागली, आणि गेलेली जमीन विचारपूस करून पुन्हा उभी करावी लागली.

प्रतिकृतीचे प्रमाण एका मैलाला नऊ फूट असे ठरले; मैलात ५,२८० फूट, म्हणजे हिशेब १:५८७ च्या आसपास येतो आणि फ्रेंचांच्या जुन्या १:६०० या प्रमाणाला जवळजवळ भिडतो. परंतु या प्रमाणात उभा माणूस तीन मिलिमीटरांचाही होत नाही. इतक्या बारीक आकृतीवर रंग चढविणे अशक्य आणि तिचा गणवेश ओळखणे त्याहून अशक्य. म्हणून शिसे व कथील यांच्या मिश्रधातूत ओतलेले सैनिक सुमारे १:१८० प्रमाणाचे, म्हणजे साधारण एक सेंटिमीटर उंचीचे करण्यात आले. हे सैनिक त्यांच्या पायांखालच्या जमिनीच्या मानाने तिप्पट मोठे आहेत. दिवाळीत अंगणात किल्ला करणाऱ्या मुलांना ही तडजोड फार जुन्या काळापासून ठाऊक आहे: अळीव पेरून हिरवा केलेला डोंगर, त्याच्या कड्याएवढ्या उंचीचा मावळा आणि दरवाजातून कदापि आत जाऊ न शकणारे महाराज, यांत कोणाला काही खटकत नाही, कारण डोंगर भूगोल सांगतो, मावळा गोष्ट सांगतो आणि दोघांना एकच गज लावण्याचा आग्रह पाहणारा धरीत नाही. सायबॉर्नला मात्र त्याची किंमत द्यावी लागली. तिप्पट उंचीचा सैनिक जागाही तिप्पट अडवितो. तेव्हा पलटणीची रांग जमिनीवर खऱ्या लांबीची ठेवायची तर सैनिक कमी करणे भाग होते, आणि त्याने एका आकृतीमागे दोन माणसे असा हिशेब धरला. एवढे करूनही आकृतींची संख्या सत्तर हजारांच्या पुढे गेली.

यानंतरचा निर्णय होता क्षणाचा, आणि सायबॉर्नने निवडलेला क्षण संध्याकाळी सातच्या सुमाराचा आहे. नेपोलियनने आपल्या राखीव शाही रक्षकदलाला इंग्रज कण्यावर शेवटचा हल्ला करण्यास धाडले, ते दल कण्यावर पोचून मोडले आणि तेथून फ्रेंच सैन्याची पळापळ सुरू झाली. लढाईचा तराजू जेथे झुकला तो हा प्रसंग. नाट्याच्या दृष्टीने याहून सरस क्षण मिळणे कठीण होते, आणि पुराव्याच्या दृष्टीने याहून वाईटही. दिवसभराच्या लढाईनंतर, तोफांच्या धुरात, आपली पलटण नेमकी कोठे व कोणत्या रचनेत उभी होती, हे सांगू शकणारी माणसे आता एकोणीस-वीस वर्षांनी मोठी झालेली होती. तरीही सायबॉर्नने वरिष्ठांची परवानगी घेऊन १८३४ च्या अखेरीस हयात अधिकाऱ्यांना एक छापील परिपत्रक धाडले. सात वाजताच्या सुमारास आपल्या तुकडीची रचना काय होती, समोर शत्रू कोणत्या रचनेत होता, आणि आपण उभे होतात त्या शेतात कोणते पीक होते, असे त्यातील प्रश्न होते.

पिकाचा प्रश्न वाचताना क्षुल्लक वाटतो, पण या साऱ्या परिश्रमातला कदाचित सर्वांत हुशार प्रश्न तोच असावा. वॉटर्लूच्या शेतांत जूनमध्ये माणसाएवढे उंच वाढलेले राय धान्य उभे असे. त्यात पायदळ दडू शके, घोडदळाचा वेग मंदावे, आणि संध्याकाळपर्यंत कोठले पीक तुडवून भुईसपाट झाले व कोठले उभे राहिले, यावरून कोणत्या शेतातून सैन्य गेले याचा माग काढता येई. शिवाय मानवी स्मृतीचा एक विशेष असा, की पलटणीच्या डाव्या बाजूला कोण होते हे विसरलेला माणूसही कमरेपर्यंत आलेले ओले धान्य तुडवीत चालल्याचे विसरत नाही. प्रतिकृतीच्या पृष्ठभागावर कोणता रंग व कोणता पोत द्यावा, एवढ्याच गरजेतून निघालेल्या प्रश्नाने इतिहासाला साधन पुरविले. आलेल्या उत्तरांची संख्या काही शेकड्यांत गेली. या पत्रांचा एक भाग सायबॉर्नच्या मुलाने, मेजर जनरल एच. टी. सायबॉर्न यांनी, १८९१ मध्ये ‘वॉटर्लू लेटर्स’ या नावाने छापला. उरलेल्यांपैकी पुष्कळ गॅरेथ ग्लोव्हर यांनी २००४ मध्ये उजेडात आणली, आणि मूळ कागद आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. वॉटर्लूवर लिहिणारा कोणताही अभ्यासक या पत्रांपाशी आल्यावाचून राहत नाही, आणि ती लिहिली गेली ती शिशाचे सैनिक कोठे चिकटवायचे हे ठरविण्यासाठी.

दरम्यान काम सांगणाऱ्याचीच पंचाईत झाली होती. १८३० च्या नोव्हेंबरात ब्रिटनमध्ये सत्तापालट झाला. काटकसरीचे धोरण घेऊन आलेल्या नव्या मंत्रिमंडळाला आधीच्या राजवटीत ठरलेल्या एका खेळवजा वस्तूवर पैसा खर्च करण्यात स्वारस्य नव्हते. सुमारे ३८० पौंड हाती पडल्यावर १८३३ मध्ये सरकारी मदत थांबली. करवून घेणारा बदलला तरी करून देणारा तोच राहतो आणि अर्धवट काम त्याच्याच गळ्यात पडते, ही या धंद्यातली जुनी व्यथा आहे. मंत्रिमंडळ बदलले म्हणून आपले भूमापन फुकट जाऊ द्यावे, हे मात्र सायबॉर्नला मान्य झाले नाही. त्याने वर्गणीचा मार्ग धरला, उसनवारी केली, नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात काम चालू ठेवले आणि एकूण खर्च ३,००० पौंडांच्या घरात गेला.

वर्गणीमुळे गिऱ्हाईक एकाचे अनेक झाले. जे निवृत्त अधिकारी माहिती पुरवीत होते, त्यांतलेच काही पैसेही देत होते, आणि प्रत्येकाला स्वाभाविकपणे आपली पलटण मोक्याच्या जागी दिसावी असे वाटत होते. पैसे देणाऱ्या पलटणीला सायबॉर्नने झुकते माप दिले, असा आरोप पुढे झाला. ग्लोव्हर यांनी पत्रे छापताना त्याचे खंडनही केले आहे. आरोप बाजूला ठेवला तरी रचनेतला दोष नाकारता येत नाही: साक्षीदार, वर्गणीदार आणि चित्रित झालेली व्यक्ती हे तिघे एकच असतील, तर कारागिराचा हात कितीही प्रामाणिक असला तरी त्याच्यावर विश्वास कशाच्या आधारे ठेवावा, हा प्रश्न उरतोच.

मुख्य वाद मात्र वर्गणीदारांशी झाला नाही. तो झाला साऱ्या लढाईचा धनी असलेल्या माणसाशी. ड्यूक ऑफ वेलिंग्टन, म्हणजे १८०३ च्या सप्टेंबरात आजच्या जालना जिल्ह्यातील असईच्या लढाईत शिंदे व भोसले यांच्या फौजांचा पराभव करणारा आर्थर वेलस्ली, याला वॉटर्लूचे वर्णन करणाऱ्यांविषयी पहिल्यापासून तिटकारा होता. लढाईनंतर दोनच महिन्यांनी एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने लढाईच्या इतिहासाची तुलना नृत्यसमारंभाच्या इतिहासाशी केली होती: छोटे-छोटे प्रसंग प्रत्येकाला आठवतात, पण ते कोणत्या क्रमाने आणि नेमक्या कोणत्या क्षणी घडले हे कोणालाच सांगता येत नाही. या दृष्टीने पाहिले तर सायबॉर्नचा उद्योग म्हणजे ड्यूकने अशक्य ठरविलेली गोष्ट टेबलावर मांडून दाखविण्याचा होता.

वादाचे केंद्र होते प्रशियन सैन्य. मार्शल ब्ल्यूखरच्या हाताखालचे हे सैन्य दुपारी साडेचारच्या सुमारास नेपोलियनच्या उजव्या बगलेवर उतरू लागले, प्लान्सन्वा या गावात घनघोर झुंज जुंपली, आणि सातच्या आगेमागे त्याचा आणखी एक भाग वेलिंग्टनच्या डाव्या टोकाला येऊन मिळाला. अंधार पडेपर्यंत रणभूमीवर आलेल्या प्रशियनांची संख्या पन्नास हजारांच्या जवळ पोचली होती. लेखी अहवालात या घटनांना एकेक परिच्छेद देता येतो आणि परिच्छेदांचा क्रम लेखकाच्या हाती असतो. वेलिंग्टनने लढाईच्या दुसऱ्याच दिवशी धाडलेल्या अहवालात प्रशियनांच्या मदतीचे ऋण मान्य केले होते, पण वाचणाऱ्याच्या मनात ठसतो तो इंग्रज कण्यावरचा विजय. सायबॉर्नच्या प्रतिकृतीवर असा क्रम नव्हता. एका बाजूला शाही रक्षकदल कण्यावर चढते आहे आणि त्याच वेळी, एका नजरेत, दुसऱ्या बाजूला गडद गणवेशातील प्रशियनांची दाटी फ्रेंच बगलेत घुसली आहे, असे दृश्य पाहणाऱ्याला रक्षकदल का मोडले याचे उत्तर कोणी सांगावे लागत नाही.

वेलिंग्टनच्या भोवतालच्या मंडळींना, विशेषतः त्याचे जुने सचिव लॉर्ड फिट्झरॉय सॉमरसेट यांना, हे रुचले नाही. त्यांचा आक्षेप असा, की प्रशियन इतक्या पुढे आले ते नंतर, आणि प्रतिकृती निरनिराळ्या वेळच्या घटना एकाच क्षणात कोंबीत आहे. सायबॉर्नने प्रशियन अधिकाऱ्यांकडूनही माहिती मागविली होती आणि सुरुवातीला तो आपल्या मांडणीवर ठाम राहिला. परंतु पुढे त्याने ती बदलली आणि प्रशियन आकृतींचा बराच मोठा भाग काढून टाकला. हे त्याने का केले, यावर आजही एकमत नाही. पीटर हॉफश्रोअर यांनी २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात हा सरळसरळ वरिष्ठांच्या दबावाचा परिणाम मानला आहे. इतरांच्या मते नवा पुरावा हाती आल्यावर प्रामाणिक माणसाने केलेली ती दुरुस्ती होती. कर्जात बुडालेला, बढतीसाठी त्याच वरिष्ठांवर अवलंबून असलेला अधिकारी जेव्हा दुरुस्ती करतो, तेव्हा ती पटून केली की वाकून केली, हे बाहेरून ओळखण्याची सोय नसते, आणि दुरुस्ती शिशाच्या सैनिकांची असेल तर मागे खोडल्याची खूणही उरत नाही. छापील पुस्तकाची पहिली आवृत्ती कोठेतरी शिल्लक राहते. काढलेल्या आकृतीखालचे भोक बुजवून वर हिरवा रंग दिला की ती आकृती तेथे कधी नव्हतीच.

१८३८ मध्ये लंडनच्या पिकॅडिली भागातील इजिप्शन हॉल या प्रदर्शनगृहात प्रतिकृती लोकांपुढे आली. एक शिलिंग प्रवेशमूल्य देऊन सुमारे एक लाख लोकांनी ती पाहिली, असे सांगतात; म्हणजे गल्ल्यावर ५,००० पौंड जमा झाले असले पाहिजेत, पण जागेचे भाडे, जाहिरात, राखणदार आणि फिरते प्रदर्शन यांच्या खर्चात ते कोठे जिरले कोण जाणे, सायबॉर्नचे देणे काही फिटले नाही. तरीही त्याने दुसरी प्रतिकृती करण्यास घेतली, आणि ती करताना पहिल्या अनुभवातून तो काय शिकला हे स्पष्ट दिसते. मैलाला पंधरा फूट अशा वाढीव प्रमाणाच्या या कामात त्याने संपूर्ण रणभूमी घेतलीच नाही; दुपारी दीड-दोनच्या सुमारास इंग्रजांच्या जड घोडदळाने फ्रेंच पायदळावर जी मुसंडी मारली, तेवढाच तुकडा घेतला. घोडे मोठे, हालचाल भरपूर, पाहणाऱ्याला खिळवील असे नाट्य, आणि दुपारी दोनला प्रशियन रणभूमीवर पोचलेलेच नसल्यामुळे त्यांच्यावरून वाद होण्याचा संभव नाही. ही प्रतिकृती आज लीड्स येथील रॉयल आर्मरीज या संग्रहालयाच्या मालकीची आहे.

सरकारने कारागिराला वाऱ्यावर सोडले नाही तर काय घडू शकते, याचा दाखला पाहायचा तर ऑस्ट्रेलियाकडे वळावे लागते. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियन सैन्याबरोबर असलेले वार्ताहर व पुढे अधिकृत इतिहासकार झालेले चार्ल्स बीन यांनी, युद्ध चालू असतानाच, भावी स्मारक-संग्रहालयासाठी रणभूमींचे घन देखावे करवून घेण्याचा आग्रह धरला; ते त्यांना ‘चित्र-प्रतिकृती’ म्हणत. वेब गिल्बर्ट आणि वॉलेस अँडरसन या शिल्पकारांनी प्रत्यक्ष रणभूमी पाहून कामे केली, लुई मॅक्‌कबिन या चित्रकाराने मागचे पडदे रंगविले, आणि गॅलिपोलीवरील लोन पाइन, फ्रान्समधील माँ सँ कँतँ अशा लढायांचे देखावे १९२० च्या दशकात उभे राहिले. सायबॉर्नची प्रतिकृती वरून, पक्ष्याच्या नजरेने पाहायची असते. हे देखावे डोळ्यांच्या पातळीवरून एकाच बाजूने पाहायचे. पुढच्या आकृती मोठ्या, मागच्या क्रमाने लहान, आणि शेवटी घन जमीन रंगविलेल्या पडद्यात बेमालूम मिसळलेली, अशी त्यांची रचना असते. अंतराचा हा आभास साधताना भूगोलाशी काही लबाडी करावी लागते, पण बीन यांना सेनापतीचा नकाशा नको होता, चिखलातला शिपाई हवा होता. कोणत्या बाजूने पाहावयाचे हे ठरविण्यातच कोणाची लढाई दाखवायची हे ठरते, असे या दोन कामांची तुलना करताना जाणवते.

आज सैनिकी डायोरामा करवून घेणाऱ्यांत संग्रहालयांच्या जोडीला खासगी संग्राहक असतात, आणि त्यांचे काम बहुधा १:३५ प्रमाणात चालते. या विचित्र आकड्यामागे कोणताही सिद्धान्त नाही. जपानमधील तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या प्रारंभी पँथर रणगाड्याची मोटारीवर चालणारी प्रतिकृती काढली, तेव्हा आतमध्ये दोन बॅटऱ्या मावतील एवढे तिचे अंग ठेवले, आणि नंतर मोजल्यावर ते प्रमाण पस्तिसाच्या जवळपास निघाले. पुढे साऱ्या धंद्याने तेच उचलले. या प्रमाणात माणूस पाच सेंटिमीटरांचा होतो, चेहऱ्यावरचा थकवा रंगविता येतो, पण अंतरे आटोक्याबाहेर जातात. रस्त्यावर पन्नास मीटर अंतर ठेवून जाणारे दोन रणगाडे या प्रमाणात जवळजवळ दीड मीटर दूर ठेवावे लागतील; तेवढे कपाट कोणाच्या दिवाणखान्यात नसते. परिणामी, खरे तर एकमेकांना दिसूही नयेत अशी वाहने एकाच कोपऱ्यात दाटीने उभी केलेली आढळतात. गिऱ्हाइकाला दिलेल्या पैशांत जास्तीत जास्त वाहने हवी असतात, हे त्याचे अर्धे कारण. शेपर्ड पेन या अमेरिकन प्रतिकृतिकाराने १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या डायोरामाविषयीच्या पुस्तकाने या कलेत एक शिस्त आणली: देखावा एक गोष्ट सांगतो आणि ती एका दृष्टिक्षेपात कळली पाहिजे, मग बाकीचे बारकावे पाहणाऱ्याने सावकाश शोधावेत. या कसोटीवर कित्येकदा रणगाडा काढून टाकणे हेच उत्तम काम ठरते, पण काढलेल्या रणगाड्याचे पैसे मागता येत नाहीत.

मजुरीचा हिशेबही असाच अवघड असतो. रंगकामाला, जोडणीला, जमीन घडविण्याला तास लागतात आणि ते मोजता येतात. परंतु त्या आठवड्यात त्या तुकडीने बाह्या दुमडल्या होत्या की नाही, रस्त्याकडेचे झाड कोणते होते, याच्या शोधात गेलेले दिवस बिलात मांडले तर गिऱ्हाईक बिचकते. काम पसंत पडले तरी जबाबदारी संपत नाही, कारण डायोरामा जिवंत वस्तूसारखा बदलत राहतो. शिशाच्या आकृती ओक वा तत्सम लाकडाच्या बंद कपाटात ठेवल्या, की लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफा शिशावर क्रिया करतात आणि वर्षानुवर्षे हवेच्या संयोगाने त्याचे पांढऱ्या भुकटीत, म्हणजे शिशाच्या कार्बोनेटात, रूपांतर होत जाते. रंग वरून शाबूत दिसतो आणि आतला शिपाई पोखरलेला असतो. ज्या देखण्या लाकडी पेटीसाठी संग्राहकाने जास्तीचे पैसे मोजलेले असतात, तीच बहुधा या रोगाचे मूळ असते.

सायबॉर्नने जमविलेल्या पत्रांवर आधारलेला त्याचा वॉटर्लूचा दोन खंडांतला इतिहास १८४४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि चांगला खपला. त्याच सुमारास तो लंडनच्या चेल्सी भागातील सैनिकांच्या मुलांसाठी असलेल्या रॉयल मिलिटरी असायलम या संस्थेत सचिव म्हणून रुजू झाला, आणि जानेवारी १८४९ मध्ये तो वारला. ज्या संग्रहालयासाठी काम सांगितले गेले होते, त्याच्याकडे पहिली, संपूर्ण रणभूमीची प्रतिकृती अखेर पोचली, पण ती त्याच्या मृत्यूनंतर. व्हाइटहॉलमधील बँक्वेटिंग हाउसमध्ये ती पुष्कळ वर्षे मांडलेली होती. ते संग्रहालय मोडल्यावर ती चेल्सीतील नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आली आणि आता तेथे, सायबॉर्नच्या जुन्या कचेरीपासून थोडे चालून जाता येईल एवढ्या अंतरावर, काचेखाली आहे. शाही रक्षकदल कण्यावर चढते आहे. प्लान्सन्वाच्या बाजूला प्रशियन आहेत, पण विरळ.